डोक्याचं माप घेणारा रुमाल

मी एक जुना पांढरा रुमाल आहे. आता मला पांढरा म्हणायला मन मोठं लागतं. दूर डोंगराळ मुलखात, नारीन नदीच्या वरच्या अंगाला एक गाव आहे, तिथे सोनुनबाईंच्या स्वयंपाकघरात, चहाचं पाणी उकळायच्या समोवारशेजारच्या खिळ्यावर माझा मुक्काम असतो. तापलेलं झाकण उचलायचं झालं की माझी आठवण होते. एरवी माझ्यावाचून कुणाचं अडत नाही.

मित्रांनो, माझेही चांगले दिवस होते. मी खालच्या खोऱ्यातल्या कापसाचा. सोनुनबाईंनी मला बाजारात उन्हाला धरून पाहिलं, ओढून पाहिलं, दुकानदाराला दोन शब्द सुनावले आणि येणाऱ्या सुनेसाठी घेतलं. आमच्याकडे नवरी दारात आली की सासू तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधते. मग ती त्या घरची. त्यांच्या एमिलची नवरी बुरमाकान आली, मी तिच्या डोक्यावर चढलो, आणि जमलेल्या बायका म्हणाल्या, "काय शोभून दिसतोय!" एमिलला वाटलं, त्याच्याबद्दलच बोलताहेत. मी मात्र आजवर ते कौतुक माझंच धरून चाललो आहे.

डोक्यावर राहणाऱ्याला डोक्यातलं लवकर कळतं. बुरमाकानला अर्धशिशी होती. उजव्या डोळ्यामागे एक शीर उडू लागायची. मग उजेड नको, आवाज नको, मटणाच्या रश्शाचा वास तर नकोच. आणि आमच्या घरात या तिन्ही गोष्टींची चंगळ.

त्यात सुनेचं काम म्हणजे चहा. आमच्याकडे पाहुण्याला पेला काठोकाठ भरून दिला तर 'प्या आणि निघा' असा अर्थ होतो. म्हणून मान द्यायचा तर दोनच घोट ओतायचे, ते संपले की पुन्हा दोन घोट. पाहुणा जितका मोठा, तितका पेला रिकामा. बुरमाकान दिवसभर वाकून ओतत राहायची. सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या नंतर निजायची, आणि न्याहारीच्या जागी काळा चहा ढोसून कामाला लागायची. मोठ्यांसमोर सुनेनं आडवं व्हायचं नसतं. दुखतंय असं सांगायचीही सोय नव्हती. माहेरच्यांनी आजारी मुलगी गळ्यात बांधली, असं गावानं म्हटलं असतं.

म्हणून तिनं गोळ्या धरल्या. बाजारात वाणसामानाबरोबर मिळतात त्या साध्या, पांढऱ्या. पुडी ठेवायची माझ्याच टोकाच्या गाठीत. या चोरीत मी पहिल्यापासून सामील होतो. आधी कधीमधी घ्यायची. मग आठवड्याला, मग रोज. गोळीनं दुखणं जायचं आणि गोळी उतरली की दुखणंच गोळी मागायला परत यायचं. कपाळावर मला आवळून बांधलं की तिला घटकाभर बरं वाटायचं, हेही खरं. पण आवळून दुखणं दबतं, जात नाही.

एकदा सोनुनबाईंनी तिला भिंतीला धरून उभं पाहिलं आणि बात्माआजीला बोलावलं. बात्माआजी म्हणजे गावातली डोकं बसवणारी. तिनं मला बुरमाकानच्या डोक्याभोवती गुंडाळलं, कोळशानं कपाळावर, कानांपाशी, मानेपाशी खुणा केल्या, मग मला मधोमध दुमडून खुणा जुळवून पाहिल्या. जुळल्या नाहीत. "डोकं उजवीकडे सरकलंय," असा निकाल तिनं दिला आणि मला करकचून बांधून, डोक्याला मुठीनं हळूहळू ठोकत ते जागेवर बसवलं. दर आठवड्याला ती यायची, आणि दर आठवड्याला डोकं सरकलेलंच असायचं. मित्रांनो, मी सुती. ओढलं की लांबतो. डोकं जागच्या जागीच होतं. पण रुमालाला कोण विचारतो?

शेवटी एमिलनं तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि माझी गाठ सोडायला लावून पुडी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, अर्धशिशी आहेच, पण रोजच्या या गोळ्यांनी तिच्यावर दुसरी डोकेदुखी चढवून ठेवली आहे. या बंद करायच्या. बंद केल्यावर काही दिवस दुखणं उसळेल, तेवढे दिवस अंधारात पडून काढायचे. झटके कमी व्हावेत म्हणून रोज रात्री वेगळी गोळी घ्यायची. तिचा गुण यायला दोनेक महिने लागतील, धीर सोडायचा नाही. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, पाणी भरपूर, काळा चहा कमी.

झोप वेळेवर हे ऐकून बुरमाकान हसली. फार दिवसांनी हसली होती.

घरी सासऱ्यांना जाऊन वर्ष होत होतं, त्या वर्षाच्या जेवणाची तयारी चालली होती. रीतीप्रमाणे घोडा कापायचा होता, तीन गावं येणार होती. तिनं सासूबाईंकडे फक्त चार दिवस मागितले.

"आई, चार दिवस मला पडून राहू द्या. नंतर कितीही काम सांगा."

"आणि चहा कोण ओतणार? मी?" सोनुनबाई म्हणाल्या. "नवऱ्याच्या वर्षाच्या जेवणाला मी चहा ओतत बसू, आणि सून आत लोळतेय? लोक जेवायला येतात गं, बघायला येतात. मलाही डोकं आहे. मी कधी झोपले?"

एमिल चुलीकडे बघत राहिला. चुलीत बघण्यासारखं काही नव्हतं.

जेवणाच्या दिवशी पुडी पुन्हा माझ्या गाठीत आली. दुपारपर्यंत ती रिकामी झाली, आणि रश्शाच्या कढईपाशी बुरमाकानला भडभडून उलटी झाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नव्या सुनेला उलटी झाली की आमच्याकडे डोक्याचा विचार कुणी करत नाही. एक शेजारीण धावत सोनुनबाईंकडे गेली, नातवाची बातमी दिली. गोड बातमी आणणाऱ्याला बक्षीस द्यायची रीत आहे. सोनुनबाईंनी अंगावरची शाल काढून दिली आणि डोळे पुसले. त्या संध्याकाळी बुरमाकानला झोपायला मिळालं. उशीसुद्धा सासूबाईंनी स्वतः आणून दिली.

नातू नाही हे दुसऱ्या दिवशी कळलं. शाल परत मागता येत नव्हती. उशी तेवढी परत गेली.

"पोटात काही नाही," सोनुनबाई म्हणाल्या, "मग डोक्यात तरी काय असणार?"

त्याच आठवड्यात बुरमाकानचा थोरला भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. निघताना तिनं मला डोक्यावरून सोडलं, घडी केली आणि सासूबाईंच्या हातात दिली.

पुढचं मी एमिलच्या तोंडून ऐकलं. माहेरी तिनं अंधाऱ्या खोलीत वाईट दिवस काढले. आईनं दारावर लोकरीच्या जाड नमद्याचा पडदा टाकला, सकाळी भाकरी पुढ्यात ठेवूनच तिला उठू दिलं. आता झटका येतो, पण क्वचित येतो; तो सुरू होताच, डॉक्टरीणबाईंनी फक्त झटक्यासाठी दिलेली गोळी घेऊन ती पडून राहते. पुरती बरी नाही. होईल असं कुणी म्हटलंही नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कपाळ धरून बसलं तर त्याच्या डोक्याचं माप घेऊ नका. रोज गोळी गिळत असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या. खिडकी लावा, आवाज कमी करा आणि त्याच्या वाटचं काम उचला. दुखणं दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही. मी कपाळावर होतो, मला विचारा.

परवा पाहुणे आले होते. सोनुनबाई वाकून ओतत होत्या, दोन घोट, पुन्हा दोन घोट. मध्येच थांबून त्यांनी हळूच विचारलं, "कधी येणार रे ती?"

"तिथे तिला झोपू देतात, आई," एमिल म्हणाला.

सोनुनबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, समोवारचं झाकण उचलून पाहिलं, आणि पुढचा पेला भरायला घेतला.