हायड्रोजनशिवाय

प्रयोगशाळेतल्या संगणकाच्या खोलीत नव्या माणसाचं स्वागत ठरलेलं होतं. जुन्यांपैकी कुणीतरी त्याला तयार फाइल द्यायची, पण तिच्यातला हायड्रोजनचा हिशेब गुपचूप बंद करून!

काम असं, की पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, धातूच्या पत्र्यातून वीज द्यायची आणि त्या वायूचं इंधन करायचं. कुठला धातू हे करील, ते आधी संगणकाला विचारायचं. आता धातू म्हणजे महाआळशी. बरेचसे कार्बन डायऑक्साइडकडे ढुंकूनही बघत नाहीत, नुसतं पाणी फोडून हायड्रोजनचे बुडबुडे काढत बसतात. त्यातल्या त्यात तांबं बरं. तो हिशेबच बंद केला, की कुठलाही टुकार पत्रा हिरो ठरतो. नवा माणूस आनंदानं नाचतो, चहाच्या वेळी त्याला खरं सांगतात, सगळे पोट धरून हसतात. संपलं.

या खेपेला नवी होती चिमणी. आणि फाइल देणारी होती तिची सख्खी मामेबहीण, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांचीच ताई.

चिमणीचे गुण ऐकून ऐकून ताईचे कान किटले होते. लहानपणी ताई गणितात गटांगळ्या खायची, तेव्हा आत्या, म्हणजे चिमणीची आई, तिच्या गालावरून हात फिरवून मधाळ आवाजात म्हणायची, "जाऊ दे ग. सगळ्यांनाच झेपतं असं नाही." शेजारी चिमणी बसलेली, पैकीच्या पैकी मार्क घेऊन. आता इथंही आल्या आल्या सरांनी तिला खिडकीजवळची खुर्ची दिली होती.

त्याच खुर्चीवरून चिमणी टुणकन उडाली. "ताई! निकेल आणि कथिलाचं मिश्रण! तांब्यालाही मागे टाकलं ग!"

पलीकडे जुन्यांपैकीच एका चष्मेवाल्यानं हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला.

चहा आला. ताईनं निवांत दोन बिस्किटं खाल्ली. चष्मेवाला भुवया उडवून उडवून थकला. "अगं, सांग की आता."

"उद्या. जरा उडू दे तिला."

तोवर चिमणी सरांच्या दारात पोचलीसुद्धा. सरांचे डोळे चमकले, पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "हायड्रोजन बघितलास?"

"ताईच्या फाइलमध्ये सगळं असतं, सर."

सर मागून आलेल्या ताईकडे वळले. "काय ग?"

एक शब्द पुरला असता. ताई गोड हसली. "फाइल माझी, पण तिनं स्वतःच तपासलंय सर सगळं. मला तर हातसुद्धा लावू दिला नाही."

मग काय! पत्रा तयार झाला. चाचणी बघायला सरांनी मोठ्या साहेबांनाही बोलावलं. वीज सुरू झाली आणि पत्र्यावरून बुडबुडे सुटले, नुसते फसफसून! वायू मोजणाऱ्या यंत्रावर हायड्रोजनचा एकच उंच सुळका, इंधनाच्या जागी सपाट माळरान.

"वा," साहेब म्हणाले. "पाण्यातून हायड्रोजन. हे शाळेतली पोरं करतात."

सरांनी आवाजही चढवला नाही. "न तपासता धावत आलीस आणि मला तोंडघशी पाडलंस. सोमवारपासून येऊ नकोस."

चष्मेवाला ताईच्या कानाशी लागला. "आता तरी सांग!"

"सांगू ना. फाइलमध्ये ते कसं बंद करायचं, हे मला शिकवलं कुणी? चल, दोघं मिळून जाऊ सरांकडे."

चष्मेवाल्याला एकदम चष्मा पुसायची आठवण झाली.

चिमणीनं डबा, बाटली, सगळं पिशवीत भरलं. "माझ्याच हातून काहीतरी बंद झालं असणार. तुझी चांगली फाइल बिघडवली मी. रागावलीस?"

"छे ग, वेडे." ताईनं स्वतःच्या रुमालानं तिचे डोळे पुसले.

"आईला तू सांगशील? माझ्यानं नाही होणार."

"सांगते की!"

आणि तिनं लगेच सांगितलंसुद्धा. ऐकता ऐकताच आत्या फोनवर रडायला लागली.

"रडू नकोस ग आत्या," ताई मधाळ आवाजात म्हणाली. "जाऊ दे. सगळ्यांनाच झेपतं असं नाही."

"तू आहेस तिथं, तेवढाच काय तो आधार तिला," आत्या हुंदके देत म्हणाली.

"हो, मी आहेच ना," ताई म्हणाली, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली.