महिपतीची बिनआवाजी मोटार

जुनी मोटार कशी पारखावी हे ज्याला शिकायचं असेल, त्यानं करकंबच्या महिपतीला विचारावं आणि तो सांगेल त्याच्या बरोबर उलट करावं. या गृहस्थाला बैलातलं कळायचं, म्हणून जगातलं सगळंच आपल्याला कळतं अशी त्याची समजूत.

शहात्तर साली त्याच्या लेकीला, विजयमालेला, माढ्याचं स्थळ आलं. यानं निरोप धाडला, "शुक्रवारी टेंभुर्णीच्या स्टँडवर उतरा. तितनं आमच्या मोटारीतनं न्हेतो." मोटार नव्हती. शुक्रवारला चार दिवस होते, आणि मोटार दिसली नाही तर स्थळ हातचं जाणार एवढं त्यालाही कळत होतं.

म्हणून मला संगती घेऊन त्यानं सोलापूर गाठलं. विजापूर वेशीतला पीरसाब मिस्त्री मी सोबत घेतला. विकणारा धोंडीराम. कालपर्यंत बैलबाजारातला दलाल, आज मोटारींचा. गाडी कुण्या बड्या साहेबाची, काळी, विलायती. बॉनेट एवढं लांब, की दिवे होटगी रोडला पोचले तरी डिकी आपली वेशीतच.

पीरसाब म्हणाला, "मालक, पहले बोनेटला हात लावा. इंजन थंड हाय का बघा, मग सुरू करा. धूर निळा आला तर सीधा घरी चला."

"तू पाने पुस," महिपती गुरगुरला. "मला पारख शिकवतो व्हय?"

मग त्यानं मडगार्डवर थाप मारली. दिव्यांत डोकावून "नजर गरीब हाय" म्हणाला. पुढच्या जाळीत बोट घालून दात मोजले. खोडीच्या बैलाच्या अंगावर असतो तसला भोवरा कुठं सापडला नाही म्हणून खूश झाला.

धोंडीरामनं गाडी दोरानं ट्रकला बांधून एक चक्कर फिरवली. म्हणे, "गर्दीला बुजती, म्हणून बांधलीया."

महिपती आत लोडासारखा पसरला होता. "आवाजच न्हाय की! लई गुणाची!"

"इंजन चालू असंल तर आवाज येईल ना," पीरसाबनं कपाळाला हात लावला.

पण तोवर महिपती आणि धोंडीराम यांची बैलबाजारातल्यासारखी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला होता. असा ठरलेला सौदा मोडत नसतात. धोंडीरामनं दोर सोडून खांद्यावर टाकला. "दावं देत न्हाय आमी. रीत हाय."

"रीत मला सांगतोस? बैलासंगं दावं मी कदी मागितलं न्हाय!" महिपती ऐटीत म्हणाला.

ट्रक गेला. गाडी जागची हलेना. पीरसाबनं बॉनेट उघडलं, तर इंजिनाच्या जागी कोंबडी अंड्यांवर बसलेली. ती उलट आमच्यावरच खेकसली.

शुक्रवारी महिपतीनं गाडीला चार बैल जुंपले आणि टेंभुर्णी गाठली. नवरदेव सिद्धाराम काळा गॉगल लावून मागं रेलला. वाटेत घुंगरं वाजली, तर म्हणाला, "हॉर्न गोड हाय." करकंबात दारापुढं गाडी थांबल्यावर काच खाली करून म्हणाला, "मामा, पिकप बरा हाय हो."

विजयमाला उंबऱ्यात उभी होती. "आबा, ह्यास्नी परत सोडून या."

"अगं, मोटारीतनं आल्यालं स्थळ!"

"म्हणूनच. म्होरं चार बैल चालल्यालं ज्याला टेंभुर्णीपास्नं दिसले न्हाईत, त्याला मी जन्मभर कुटं दिसणार?"

महिपतीनं बैल माघारी वळवले. आतून नवरदेव विचारत होता, "मामा, हिला रिव्हर्स बी हाय व्हय?"