माझ्या पंख्यातला झेंडू

मी आठांतला पहिला, जुना संगणक आहे. दसऱ्याच्या सकाळी आमच्या खोलीत आठ संगणक, सात फिरणारे पंखे, एक अडकलेला पंखा आणि मोजता न येणाऱ्या मुंग्या होत्या. अडकलेला पंखा माझा.

मित्रांनो, कॉलेजने आम्हाला भंगारात काढले. सिद्रामप्पांनी आम्हाला लातुरातल्या आपल्या टँकरच्या कारखान्यात आणले. तिथल्या इंजिनिअर पंचशीलाताई पत्रा कापण्याआधी आमच्यावर आकड्यांतच टाकी उभी करून बघत. टाकीतल्या पाण्याचे त्या आठ भाग करत. प्रत्येकाने आपल्या भागातले पाणी किती उसळते ते काढायचे, शेजाऱ्याला सांगायचे, मगच सगळ्यांनी पुढचे पाऊल टाकायचे. एक मागे पडला की बाकीचे सात थांबतात.

ते दुष्काळाचे वर्ष होते. शिरूर अनंतपाळच्या वाटेवर चालक रामकिशनने अर्धी टाकी एका वस्तीवर रिकामी केली. पुढे उतारावर ब्रेक मारला, तरी गाडी पुलाच्या कठड्याला जाऊन टेकली.

“मालक, म्हशीनं मागून ढुशी द्यावी तसं पाणी ढकलायलंय,” तो म्हणाला.

पाण्याची उसळी मोडायला ताईंना नव्या टाकीत भोके पाडलेल्या दोन आडव्या भिंती हव्या होत्या.

“आत भाडेकरू ठेवायचेत का ताई?” सिद्रामप्पा म्हणाले. “हिसाब दाखवा. न्हाई तर दसऱ्याला टोपण जोडून टाकतो.”

टोपण जोडले की टाकीचे तोंड बंद होते आणि आत भिंती बसवता येत नाहीत. आणि ती गाडी रामकिशनच चालवणार होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आधी लेथ पुजली, मग वेल्डिंग मशीन, मग आम्ही. पहिला म्हणून मान माझा. हळद, कुंकू, ओल्या झेंडूचा हार. नारळही माझ्याच डोक्यावर वाढवला. चिकट पाणी फटीतून आत गेले. त्यात धूळ कालवली गेली, पंख्यात शिरलेल्या पाकळ्या आंबल्या, मुंग्या आल्या, पंख्याच्या पात्यात झुरळ चिरडले. मला माझ्याच अंगाची किळस येत होती. सकाळी चालू होताच मी तापलो आणि तापलो म्हणून मंदावलो. माझ्यामुळे सातही ताटकळले.

“आठ जण असून रखडायलेत? पूजा केली तरी?” सिद्रामप्पा म्हणाले.

“पूजा केली म्हणूनच, मालक. हार काढू द्या,” ताई म्हणाल्या.

“सीमोल्लंघनाआधी हार हलवायचा न्हाई.”

“मग हार राहू द्या,” दारात उभा असलेला रामकिशन म्हणाला, “अन् डायवर दुसरा बघा.”

सिद्रामप्पांनी हात जोडले. मग त्यांनी स्वतःच हार उतरवून माझे झाकण उघडले आणि उपरणे नाकाला लावले.

“शी. काय सडलंय हे?”

“तुमचाच प्रसाद,” रामकिशन म्हणाला.

ताईंनी ब्रशने सगळे खरवडले. पंखा फिरला आणि आम्ही आठही पुन्हा एका पावलाने चाललो. संध्याकाळी पडद्यावर बिनभिंतींची आणि भिंतींची अशा दोन्ही टाक्या शेजारी शेजारी दिसल्या. पहिलीत पाणी समोर आदळत होते, दुसरीत भिंतींशीच मोडत होते. सिद्रामप्पांनी दोन्ही चित्रे पाहिली आणि आधी भिंती जोडायला सांगितल्या.

मित्रांनो, आम्हाला हार घालू नका. आठवड्यातून एकदा कोरडे फडके फिरवा, तेवढी पूजा पुरते.

टाकी तयार झाल्यावर त्याच उतारावर, पुलाच्या अलीकडे, गाडी हिच्या आत थांबायला हवी अशी चुन्याची रेषा ताईंनी मारली. रामकिशनने अर्धी भरलेली नवी टाकी आणली आणि पूर्वीच्याच जागी ब्रेक मारला. गाडी रेषेच्या एक मीटर दहा सेंटीमीटर अलीकडे थांबली.