शिव्या खाणाऱ्या मॅनेजरचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, सेलवर चालणारा, लाल तोंडाचा, एका कडेला जरासा चेपलेला. भोंग्याला स्वतःचा आवाज नसतो. कुणी ओठ टेकवले की मी जागा होतो, एरवी आपला पेंगत असतो. म्हणून माझं आयुष्य मला दुपारच्या लांबलेल्या झोपेसारखं आठवतं. मध्येच आरडाओरडा, मग पुन्हा गुंगी.

मला भान आलं ते कुवेतमधल्या शुवैखच्या एका दुकानात, कुलपांच्या आणि दोऱ्यांच्या शेजारी. बाहेर ऊन इतकं पांढरं असायचं की डांबरी रस्ता पाण्यासारखा हलताना दिसे. आपण बंदरावर जाऊ, मोठमोठ्या जहाजांना हाका मारू, अशी स्वप्नं मी बघत पडून राही. पण मला विकत घेतलं नूरुद्दीन नावाच्या एका किरकोळ अंगाच्या माणसानं. माझा तर हिरमोडच झाला. हा रत्नागिरीकडचा गृहस्थ आठवडाभर कार्गोच्या ऑफिसात मान खाली घालून बसे. शुक्रवारी मात्र तो कुस्तीचा मॅनेजर होई.

मातीतली कुस्ती नव्हे बरं का! ही दोरखंडांच्या रिंगणातली, झगमगीत कपड्यांची कुस्ती. अर्दियाच्या एका रिकाम्या गोदामात तिचे खेळ व्हायचे. कोण जिंकणार हे तिथं आधीच ठरलेलं असतं, पण पाठ फळीवर आपटली की दुखतं ते अगदी खरं. तिथला रिवाज असा, की दुष्ट पैलवानानं लढायचं आणि त्याच्या मॅनेजरनं बोलायचं. मॅनेजरनं नाव पुकारल्याशिवाय पैलवान रिंगणात उतरत नाही. मॅनेजर बढाया मारतो, पंचाचं लक्ष उडवतो, प्रेक्षकांना शेळपट म्हणतो. लोकांनी मनापासून शिव्या घातल्या की समजायचं, काम फत्ते झालं.

नूरुद्दीनचा पैलवान म्हणजे त्याचा सख्खा भाचा, सर्फराज. तो शुवैखच्या गॅरेजात ट्रकचे टायर बदलायचा. अंगानं आडदांड, पण बोलताना फार अडखळायचा. स्वतःचं नाव सांगतानासुद्धा त्याचा श्वास पहिल्या अक्षरापाशी अडकून बसे. पहिल्या खेळाआधी तो पडद्यामागे घाम पुसत बसला होता.

"मामू, मा... माझ्याकडून नाय व्हायचा. लोक हसतील."

"तू फक्त लढ रे," नूरुद्दीन म्हणाला. "बोलायचा काम माझा."

आणि त्यानं मला ओठांशी धरलं. मित्रांनो, त्या एवढ्याशा छातीतून काय आवाज निघाला म्हणून सांगू! माझं पत्र्याचं अंग थरारलं. "कुवेतमें इसके जैसा पैलवान नहीं, और तुम्हारे जैसे डरपोक नहीं!" असं तो गरजला आणि सगळं गोदाम खवळून उठलं. मूठ आवळून ओरडणारी ती माणसं बघून मला अभिमान वाटला. बंदराची स्वप्नं मी तिथेच सोडून दिली.

पुढची वर्षं सुखाची गेली. नूरुद्दीनची बायको अमिरुन्निसा हिनं त्याला जरीचा कोट शिवून दिला होता. "घरात मीठ मागायला तोंड उघडत नाय, नि तिकडं शेर होतो!" असं म्हणत ती त्याची बटणं लावून द्यायची. पहाटे नूरुद्दीन मला घेऊन दस्मानच्या किनाऱ्यावर सरावाला जाई. धुक्यात समुद्र आणि आभाळ एकच झालेलं असे. त्या राखाडी शांततेत तो समुद्राला शेळपट म्हणे, आणि समुद्र बिचारा ऐकून घेई. मी अर्धा झोपेतच असे. माझ्यातून जाणारा तो आवाज मला माझाच वाटू लागला होता.

मग तो आवाज घोगरा होऊ लागला. आधी चहा, मग मध, मग डॉक्टर. घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. नुसता वारा उरला. खेळ भरवणारा ओवैस स्वभावानं वाईट नव्हता, पण त्यानं स्पष्टच सांगितलं, "बोलणारा मॅनेजर नसेल तर सर्फराजला उतरवून काय करू?" नूरुद्दीननं हात जोडून शेवटचा एक शुक्रवार मागून घेतला. हाक फुटेल, एकदा तरी फुटेल, अशी त्याची वेडी आशा होती. ती फुटली नाही तर त्याच्याबरोबर सर्फराजचीही कुस्ती संपणार होती.

त्या शुक्रवारी त्यानं कोट चढवला आणि मला ओठांशी नेलं. माझ्या आत एक गरम फुंकर आली. बाकी काही नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. गळ्याकडे बोट दाखवलं. तर लोक हसायलाच लागले! खलनायकाच्या मॅनेजरवर कोण विश्वास ठेवणार? "नया नाटक! नया नाटक!" असा गलका उठला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मुकेपणाची लाज वाटली.

तेवढ्यात एका जाड, वंगणानं काळ्या झालेल्या हातानं मला उचललं. सर्फराज आपल्या नावाची वाट न बघता पडद्याबाहेर आला होता.

"ना... ना..." तो म्हणाला. कुणीतरी फिदीफिदी हसलं. तो थांबला, श्वास घेतला, आणि पुन्हा त्याच शब्दाला भिडला. "ना... नाटक नहीं है. मामू की आवाज... ग... गई है. मेरे लिए बोलते... बोलते गई."

त्यानं मला आणखी घट्ट धरलं.

"आज आखरी बार है. तो आप लोग... इनको... जी भर के... गा... गालियाँ दो!"

मग मागच्या रांगेतून एक आवाज आला, "ओ बुड्ढे, निकल यहाँ से!" आणि सगळं गोदाम उभं राहिलं. मित्रांनो, असा शिव्यांचा पाऊस मी कधी पाहिला नव्हता. माणसं रडत होती आणि शिव्या देत होती. नूरुद्दीननं कोट झटकला, हनुवटी वर केली आणि त्यांच्याकडे तुच्छतेनं पाहिलं. गाल मात्र त्याचे भिजलेले होते.

कुस्तीत ठरल्याप्रमाणे सर्फराज हरला. ओवैसनं त्याला पुढच्या शुक्रवारीही बोलावलं, आता मॅनेजरशिवाय, स्वतःच बोलायला.

आता माझ्या जागी नवा, हलका भोंगा आला आहे. मी गॅरेजातल्या फळीवर असतो. सेल आतच राहिल्यानं माझं पोट गंजलं आहे, म्हणून आम्हाला बाजूला ठेवताना सेल तेवढे काढत जा. संध्याकाळी नूरुद्दीन येतो, स्टुलावर बसतो. सर्फराज टायर खोलता खोलता त्याला दिवसभराच्या गोष्टी सांगतो. मध्येच अडतो. मामाला तो शब्द कळलेला असतो, ओठही हलतात, पण तो नुसता बघत राहतो. तुम्हीही असंच करा, मित्रांनो. कुणी शब्दापाशी अडखळलं, तर त्याचा शब्द त्याच्या आधी म्हणू नका. जरा थांबा. तो म्हणेल.