देवमनसाठी उघडं दार

माहा धाकटा देवमन दिवेलागनीले गेला. "माय, हाडं दुखते वं," असं कन्हत कन्हत गेला. तवापासून रोज त्या वक्ताले तो दाराशी येते. मी सोता ऐकते न! माह्या थोरल्याचा, चंद्रभानचा बाप माह्यावर खेकसे, "अवं, धम्म घेतला आपन, भुतंखेतं सोडले. काय लावलं हे?" सोडले असतीन तुमी. माहं लेकरू मी काहून सोडू? लोकं येडी म्हनले तरी दार मी उघडंच ठेवो.

त्याचं रक्त तवा नागपूरले पाठवलं होतं. तिथं एकच मशीन, अन् रांग ही लांब. रक्तात दोष हाये, असा जबाब आला तवा आमी त्याले माती देऊन बसलो होतो. आग लागो त्या जबाबाले.

मंग थोरल्या चंद्रभानचं लगन निघालं. मी अडूनच बसली. सून पायजे त अकोल्याच्या माह्या भावाची, पंजाबरावची शकुनच. भावाच्या पोरीवर आमच्यात पहिला हक्क. पन खरं सांगू? मले हक्काचं काई नोतं. गेलेलं लेकरू आपल्याच रक्तात परत येते, असं माही माय म्हने. इथं त दोन्हीकून माहंच रक्त. मंग देवमन वाट चुकन कसा? नातवाचं नावही मी ठरवून टाकलं होतं.

लगनाच्या कपड्यासाठी दोन्ही घरचे सारे अमरावतीले गेलो. चंद्रभान म्हने, "आई, इथं दवाखान्यात देवमनच्या बिमारीची नवी तपासनी निघाली. चहा उकयेपर्यंत समजते, अन् खर्चही चहायेवढाच."

तिथल्या डॉक्टरीन शैलाबाईंनं दोघायचे बोटं टोचले. काचेच्या नळीतल्या औषधात थेंब सोडला अन् नळी पेपरापुढं धरली. "इंदूबाई, पलीकडची अक्षरं दिसली तर रक्त साफ. गढूळ होऊन झाकली गेली, तर दोष."

चंद्रभानच्या नळीमांगचे अक्षरं गेले. शकुनच्या बी गेले. मले वाचता येत नाई, पन गेलेलं समजते.

"यांना स्वतःला त्रास नाही," शैलाबाई म्हनल्या, "पण दोघांकडूनही दोष आला, तर मूल देवमनसारखंच निघेल. चौघांत एखादं."

म्हंजे तो येईन. माही माय खोटं नोती बोलली. येईन, अन् तेच हाडं घेऊन येईन.

"हे लगन नाई होनार," मी म्हनलं.

पंजाबराव पेटलाच. "गढूळ पानी पाहून सोयरीक मोडतं काय वं, बाई?"

"मोडली म्हनलं न!" शकुन रडाले लागली. तिले पोटाशी धरून मीही रडली.

घरी आली त दिवेलागनी झालती. दिवा लावला. तो आलाच.

"माय, येऊ?"

अरे माह्या राजा! सारा जीव दाराकडं धावला माहा.

"नोको येऊ, बाप्पा," मी म्हनलं. "लय दुखते तुले."

अन् आतून कडी लावली.