कोटावरचं विमान

विमान कंपनीचा शेअर आठवडाभर गडगडत होता आणि शिंपीबुवा हट्टाला पेटले होते. “पंधरा वर्षं त्यांचे गणवेश शिवतोय मी, मला नको शिकवूस! बाजार सावरला की शेअर वर येईल,” ते मेव्हण्यावर खेकसले.

“दाजी, दोघांची पुंजी त्यात अडकलीय. विकून मोकळे होऊ,” मेव्हणा काकुळतीला आला.

तेवढ्यात त्याच कंपनीतली एक हवाईसुंदरी दुकानात आली. “काका, कोटावर भरलेलं हे कंपनीचं विमान उसवून द्या. उद्या दुसरीकडे मुलाखत आहे.”

शिंपीबुवांनी एकेक टाका उसवला. विमान निघालं, पण विटलेल्या कापडावर त्याचा गडद आकार राहिलाच.

ती गेल्यावर ते म्हणाले, “विकून टाक.”

मेव्हण्याने फोन त्यांच्यापुढे धरला. “आता घ्यायलाच कुणी नाही, दाजी.”