उलटा मोर आणि माझा तोरा

मी एक जुना संगणक आहे. पण मित्रांनो, तुमची कीव मला नको. टिळकवाडीतल्या वकीलसाहेबांकडे मी बारा वर्षं दावे टाइप केले आहेत. माझ्यासमोर लोक दबक्या आवाजात बोलायचे. मग तिथे नवं यंत्र आलं, आणि मी वडगावात परशराम आप्पा विणकरांच्या घरी, मागाशेजारी येऊन पडलो.

इथे माझं काम काय, तर आप्पांची नात ऋतिका माझ्यावर गेम बनवते! बनवते कसली? इंटरनेटवर एक पोरकट साइट उघडायची, रंगीत ठोकळे ओढून एकाखाली एक चिकटवायचे, झाला गेम. छे! याला काय डोकं लागतं?

शनिवारी शाळेत गेमचं प्रदर्शन होतं. अट एकच, चित्र घरी काढलेलं हवं, साइटवरचं तयार चालणार नाही. ऋतिकाला साधं मांजरही काढता येत नाही. शुक्रवारी ती रडकुंडीला आली.

"सरक गं, मी काढतो," आप्पा म्हणाले. चौकटीच्या कागदावर साडीच्या काठाची नक्षी भरण्यात त्यांची हयात गेलेली. माउस धरून त्यांनी त्या साइटवरच एकेक चौकोन रंगवत मोर उभा केला. ऋतिकानं गेम सुरू केला, तर मोर शेपटी पुढे करून चालायला लागला!

"आप्पा, ह्यो उलटा झालाय की!"

"मागावर साडीची उलटी बाजू वर असतेय गं. हात तसाच गेला बघ. आता सगळं उसवायचं व्हय?" आप्पांचा चेहरा उतरला.

ऋतिकानं एक बटण दाबलं. मोर सरळ झाला. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. चूक इतकी स्वस्तात सुटते, तिथे कसली आली कारागिरी!

तेवढ्यात माझाच पंखा अडकला. आत सुताचा भुगा साठून मी तापलो होतो. पडदा काळाठिक्कर झाला.

"गेला मोर!" ऋतिका किंचाळली. एवढा मी वकीलसाहेबांचा, पण मला एक मोर सांभाळता आला नाही. फार लाज वाटली.

पोरीनं आईचा मोबाईल घेऊन तीच पोरकट साइट उघडली. मोर माझ्यात नव्हताच, तिथे साठवलेला होता, सुखरूप. शनिवारी तो मोबाईलवरच शाळेत गेला. मला कुणी विचारलंही नाही.

रविवारी आप्पांनी दाढीच्या ब्रशनं माझा पंखा झाडला. "चल रं, आता कोयरी काढू," म्हणाले.

मित्रांनो, ती साइट भिकार आहे, हे माझं मत अजून तेच आहे. पण तेवढं सांगायला तरी मला चालू राहायला हवं. म्हणून म्हणतो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी तोऱ्यात बसलेला असेल, तर अधूनमधून त्याचा पंखा झाडा.